शेवटच्यानं डहाळी उचलावी

१

पाहुणे आमच्या फिरण्याला ट्रेक म्हणतात तेव्हा मला हसू आवरत नाही. ट्रेक म्हणजे दोर, शिट्ट्या आणि फुटलेले गुडघे. आमच्या वाटेला चढ आहे तो एवढाच, की बोलत चालणाऱ्याला कळत नाही आणि गप्प चालणाऱ्याला थोडा कळतो. मुरूडच्या रस्त्यावरच्या पुलापाशी उतरायचं, नदीच्या काठाकाठानं अभयारण्याच्या कडेला शिरायचं, तळ्यावर बसून पक्षी बघायचे, बांधावरून शेतात उतरायचं आणि सुपारीच्या वाडीतून आमच्या घरी यायचं. घरी घावणे, नारळाची चटणी, चहा. साठी उलटलेल्या बायका साध्या चपला घालून ही वाट चालून जातात.

हे सगळं माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. मी एसटीचा कंडक्टर. जन्मभर उभा राहिलो, चाललो कधीच नाही. निवृत्त झालो आणि गुडघे धरून ओट्यावर बसलो, तेव्हा माझी बायको नीरा म्हणाली, "बसून ऱ्हायलात तर गंज चढंल. उठा, चला माझ्यासंगं." तिचं माहेर रानाला लागून असलेल्या वाडीतलं. तिला त्या वाटा पाठ होत्या. आधी आम्ही दोघंच जायचो. मग एका लॉजवाल्यानं त्याचे पाहुणे आमच्याबरोबर धाडले, आणि बघता बघता दर शनिवारचा तो धंदाच झाला.

आमची चालायची एक रीत होती. पाहुणे म्हणजे सांडलेले वाटाणे. एक फोटो काढत मागे राहतो, एकाच्या चपलेचा अंगठा तुटतो, दोघांचं मध्येच भांडण होतं. म्हणून नीरा सगळ्यांच्या पुढे असायची. जिथे वाट फुटते तिथे ती ऐनाची नाहीतर किंजळाची हिरवी डहाळी मोडायची आणि बरोबर वाटेवर आडवी न टाकता उभी टाकायची, शेंडा जायच्या दिशेला. मागून येणाऱ्यानं शेंडा बघून वळायचं. आणि सगळ्यात शेवटच्यानं ती डहाळी उचलून झुडपात भिरकावायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी भलत्याच कुणाची फसगत नको. तिच्या माहेरच्या वाडीतल्या लाकडाला जाणाऱ्या बायका पिढ्यान्पिढ्या असंच करत आल्या. डहाळी पडलेली दिसली तर समजायचं, अजून कुणीतरी यायचं आहे. उचलली, की सगळे आले.

शेवटचा मीच. पुढे जाणं माझ्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतंच. शेवटची डहाळी आमच्या घराच्या फाटकात असायची. नीरा ओट्यावर बसून टाचा चोळत माझी वाट बघायची. मी वाकून ती उचलली की फिरणं संपलं. मग ती उठून आत तवा ठेवायला जायची.

मागच्या भाद्रपदात नीरा तापानं गेली. अलिबागच्या दवाखान्यात नेलं होतं, पण ताप डोक्यात चढला. हिरव्या साडीत, सवाष्णीसारखा तिला निरोप दिला. बायका म्हणाल्या, भाग्यवान, नवऱ्याच्या पुढे गेली. मी म्हटलं, ही बाई पुढे गेली नाही असं झालंय कधी?

२

दिवाळीनंतर पाहुणे पुन्हा येऊ लागले. बंद करावं असं फार वाटलं होतं, पण घरात बसून करायचं काय? नीराच्या जागी तिचा भाऊ भागोजी पुढे चालू लागला. भला माणूस, पण तोंड असून मुका. नीरा पाहुण्यांना शेकरू दाखवायची तर तिची स्वतःचीच मान आनंदानं उंच व्हायची. भागोजी नुसता बोट करतो आणि पुढे जातो. डहाळ्या मात्र बहिणीसारख्याच टाकतो.

तळ्याच्या आधी एक फाटा आहे. उजवीकडची वाट तळ्यावर जाते, डावीकडची गुरांची, ती रानात जाऊन कुठेतरी विरते. त्या दिवशी पाहुणे पुढे गेले होते. त्यांचे आवाज झाडीत बारीक होत गेले. मी डहाळी उचलली. भिरकावण्यासाठी हात मागे नेला आणि तसाच थांबलो.

मला एकदम वाटलं, ती डहाळी पडू दिली तर? तीस-बत्तीस वर्षं ही बाई माझ्या पुढे चालली. बाजारात, देवळात, रानात. मी नेहमी तिची पाठ बघितली. आता या वाटेवर पुढे भागोजीची पाठ आहे, म्हणजे ती पुढे नाही. पुढे नाही तर मागे असेल. एकदा तरी ती मागे राहिली असेल आणि मी बेफिकीरपणे डहाळी उचलून टाकतोय.

शहाण्या माणसानं करावा असा हा विचार नव्हे, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी ती डहाळी होती तशी खाली ठेवली, शेंडा तळ्याकडे. वाऱ्यानं हलू नये म्हणून देठावर दगड ठेवला. मग पाहुण्यांना गाठायला पाय ओढत निघालो.

३

पुढच्या शनिवारी डहाळी तिथे नव्हती.

कंडक्टरला विश्वास ठेवायचा पगार मिळत नाही. म्हातारा दिसणारा प्रत्येक माणूस ज्येष्ठ नागरिक नसतो, आणि झोपलेला प्रत्येक प्रवासी खरोखर झोपलेला नसतो. तेव्हा मी शोध सुरू केला. गुरांनी खाल्ली म्हणावं, तर ऐनाचा पाला गुरं लगेच खात नाहीत आणि खाल्ली तरी काटकी उरते. वानरांनी ओढली म्हणावं, तर दगड गडगडलेला असता. दगड वाटेच्या कडेला नीट काढून ठेवला होता. कुणी लाकूडफाट्याला आलेलं असेल, त्यांना रीत माहीत आहे, त्यांनी उचलली असेल. हे पटण्यासारखं होतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते, असं मी मनाला बजावलं.

पण मग झुडपात बघितलं. उचललेली डहाळी माणूस हात पोचेल तिथेच फेकतो. माझ्या स्वतःच्या जुन्या डहाळ्या तिथे वाळून पडल्या होत्या, ढिगानं. मागच्या शनिवारची त्यात नव्हती.

त्या दिवशी मी तळ्याच्या काठावर बाकी लोकांपासून लांब बसलो. पाण्यात पाणकोंबड्या फिरत होत्या. एक पोरगी धनेश बघून किंचाळली तसा तिला बापानं दटावलं. मला मात्र दुसरंच सुचत होतं. डहाळी उचलली गेली म्हणजे जो कोणी मागे होता तो तळ्यापर्यंत आला. तळ्यापासून पुढे बांधाकडे वळायची डहाळी मी मागच्या वेळी उचलून टाकली होती. म्हणजे तो तळ्याशीच अडकला.

तो नाही. ती.

उठलो तेव्हा बांधाकडच्या फाट्यावरची भागोजीची डहाळी मी उचलली नाही.

४

मग ते एसटीच्या टप्प्यांसारखं होऊन बसलं. तळ्याचा फाटा झाला, की बांधाचा. दर आठवड्याला जुनी डहाळी गेलेली असायची आणि मी पुढची ठेवायचो. आठवडाभर मला त्या शनिवारशिवाय काही सुचायचं नाही. जेवण गोड लागू लागलं. शेजारची हेमाली, रोज सकाळी दूध घालते, ती म्हणाली, "काका, तब्येत सुधारली हां तुमची." मी म्हटलं, माझ्यासारख्या म्हाताऱ्याची तब्येत सुधारते ती विझायच्या आधीच. ती हसली, मीही हसलो.

एकदा बांधाच्या अलीकडे, जिथे ऐनाचा पाचोळा वाटेवर घोट्यापर्यंत साचतो, तिथे मी थांबलो. पाहुणे पुढे बांधावर पोचले होते. मागे पाचोळा वाजत होता. मी मुद्दामच वळलो नाही. वळलो आणि रिकामी वाट दिसली तर, या धास्तीनं वळलो नाही. डोळे मिटून ऐकत राहिलो. पावलं सावकाश होती, दमलेल्या माणसाची. थोडं वाजायचं, थांबायचं, पुन्हा वाजायचं.

एक गोष्ट तेवढी खटकली. एकट्या बाईच्या चालण्याला एवढा पाचोळा वाजत नाही. नीराचं पाऊल हलकं. हा आवाज रुंद होता, वाटेच्या दोन्ही बाजूंनी येणारा. पुढची पावलं थांबली तरी मागे काहीतरी क्षणभर वाजत राहायचं. मी म्हटलं, वानरं असतील. जानेवारीत ती खाली उतरतातच.

५

आबिदाबाई आणि त्यांचे यजमान नझीरभाई दुबईतली नोकरी संपवून मुरूडला आपल्या घरी राहायला आलेले. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून त्या एका शनिवारी त्यांना घेऊन आमच्याबरोबर आल्या. नीराला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांचा पाय जड, त्यामुळे त्या माझ्या थोड्याच पुढे असायच्या. बांधावर चढल्यावर त्या दम खायला थांबल्या आणि मागे रानाकडे बघू लागल्या.

"हिरामणभाई, थोडं थांबायचं का?" त्या म्हणाल्या. "मागे तुमची बाई राहिली ना. थकलेली दिसते बिचारी."

"कुठली बाई?"

"हिरवी साडीवाली. मघाशी झाडीत दिसली मला. एक हात कमरेवर ठेवून चालत होती. मला वाटलं, तुम्ही दोघं मिळून हे काम करता."

मी बांधावरच बसलो. नीरा चढ आला की एक हात कमरेवर ठेवायची. हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

"तिचा चेहरा दिसला तुम्हाला?"

"कुठला? ती सारखी मागेच वळून बघत होती," आबिदाबाई म्हणाल्या. "थोडं चालायची, मागे बघायची. मी समजले, तिच्या मागे अजून लोक आहेत. पण तुम्ही तर म्हणता, शेवटचे तुम्हीच."

"शेवटचा मीच," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. पदर डोक्यावर ओढून घेतला, पुटपुटत काहीतरी म्हटलं आणि नझीरभाईंच्या जवळ जाऊन चालू लागल्या. पुढच्या शनिवारी आल्या नाहीत.

मला मात्र त्या दिवशी बांधावरून नाचत यावंसं वाटलं. मागे वळून वळून बघायची सवय तर नीराचीच. पुढे चालणाऱ्याला ती लागतेच. तिला पाहुण्यांची काळजी असायची. मी एवढाच विचार केला. त्याच्या पलीकडे जायला मी तयार नव्हतो, कारण मला ती हवी होती. दुसरं काही मला त्या दिवसांत नकोच होतं.

६

भागोजीला कळलं ते वाडीतल्या डहाळीमुळे. शेतातून सुपारीच्या वाडीत शिरताना दोन पाणंदी फुटतात, एक आमच्या घराकडे, एक खाडीकडे. तिथली डहाळी मी ठेवली होती. भागोजी दुसऱ्या दिवशी सकाळी विळा घेऊन तिकडून आला आणि ओट्याखाली उभा राहिला. वर यायला मी दोनदा म्हटलं तरी आला नाही.

"दाजी, डहाळी ऱ्हायलीय तुमची वाडीत."

"राहिली नाही. ठेवलीय."

"कोनासाठी?"

"तुला माहीत आहे."

भागोजी एरवी बोलत नाही, त्यामुळे तो बोलायला लागला की ऐकावंच लागतं. "आमची आय सांगायची," तो म्हणाला, "डहाळी मानसं बघून टाकायची. मागं कोन कोन हाय त्ये डोल्यांनी बघायचं, मंगच टाकायची. बघितल्याबिगर टाकली तर ती जो बघंल त्याची."

"नीरा आहे ती. आबिदाबाईंनी पाहिली."

"आसंल. माजी भैन हाय ती, मला काय नको हाय व्हय?" त्याचा आवाज फाटला. "पन दाजी, ती येकटी कशी येईल? तिला येकटीला वाट ठाव हाय. तिला डहाळी लागत न्हाय. डहाळी ज्याला वाट ठाव न्हाय त्याला लागते."

मी त्याच्यावर चिडलो. मुका माणूस बोलायला लागला की असंच बोलतो, असंही तोंडावर म्हणालो. तो विळा घेऊन निघून गेला. त्यानंतर तो पाहुण्यांना घेऊन बांधापर्यंत यायचा आणि तिथून रस्त्यानं घरी जायचा. सुपारीच्या वाडीत पाऊल ठेवायचा नाही. बांधापासून पुढच्या डहाळ्या तो मोडून माझ्याच हातात द्यायचा. वाट सरळ आहे, पाहुण्यांना मी पुढे घालायचो आणि त्या मागाहून मीच ठेवायचो.

वाडीतली डहाळी त्याच आठवड्यात उचलली गेली. आता उरलं होतं फक्त आमचं फाटक.

७

त्या शनिवारी माझी मुलगी अमिषा पनवेलहून आली होती, मांडीवरच्या बाळाला घेऊन. तिचं नेहमीचंच चाललं होतं, बाबा, इथे एकटे काय करता, चला तिकडे. मी बघू म्हटलं. पाहुणे घावणे खाऊन गेले. ती बाळाला झोळीत घालून आतल्या खोलीत कलंडली. भर दुपार झाली. त्या वेळी आमच्याकडे कोंबडीसुद्धा आवाज करत नाही. समुद्राकडून गरम वारा येतो आणि सुपारीच्या झावळ्या एकमेकींना घासतात, तेवढाच आवाज.

मी फाटक नुसतं लोटलं आणि फाटकातच डहाळी ठेवली, शेंडा घराकडे. मग येऊन ओट्यावर बसलो.

पाणंदीत पाचोळा वाजू लागला. ओळखीची दमलेली पावलं. फाटक करकरलं. मी मान वर केली नाही, नुसता पायांकडे बघत होतो. हिरव्या साडीचा काठ धुळीनं भरलेला होता, इतका की रानातली सगळी धूळ त्यावर बसली असावी. ती अंगणातून आली, ओट्याच्या त्या टोकाला माझ्याकडे पाठ करून बसली आणि वाकून टाच चोळू लागली.

मला भीती वाटली नाही. भाद्रपदापासून अडलेलं पाणी डोळ्यांतून वाहू लागलं. तिच्या केसांतल्या पांढऱ्या बटेपासून दोन हातांवर मी बसलो होतो. चुलीच्या धुराचा वास येत होता. पुष्कळ बोलायचं होतं आणि तोंडातून निघालं ते एवढंच, "पाणी देऊ?"

ती टाच चोळायची थांबली आणि मान वळवून फाटकाकडे बघू लागली. मीही तिकडे पाहिलं.

डहाळी होती तिथेच होती.

नीरानं जन्मात कधी डहाळी उचलली नव्हती. पुढे चालणाऱ्याचं ते कामच नव्हे. मग तळ्याच्या फाट्यावरची कुणी उचलली? आणि बांधावरची? वाडीतली? हे सगळं मला तेव्हा कळलं, आणि पाणंदीत पाचोळा अजून वाजतच होता.

आत बाळ कुरकुरलं.

मी तेव्हाच उठायला हवं होतं. उठलो नाही. ती तिथे बसली होती. तिच्या पाठीवर झावळ्यांची सावली हलत होती. मी मनात म्हणत होतो, अजून थोडं, अजून थोडं. तो आवाज वाडीच्या तोंडाशी आला, मग कुंपणाशी आला. घाई नव्हती त्याला. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, किंवा पाहणार होती, मला नक्की सांगता येत नाही, कारण तोवर बाळ रडू लागलं आणि मी गुडघ्यांचा विचार न करता उठून फाटकाकडे धावलो.

मी वाकलो. फाटकाच्या पलीकडून कुणीतरी माझ्याबरोबरच वाकलं. मी वर बघितलं नाही. देठाकडे बोटं होती, माझ्या आधी पोचलेली. मी शेंडा धरून ओढली. तिकीट तपासून झाल्यावर प्रवाशाच्या हाती सोडावं, तशी ती सहज सुटून माझ्या हातात आली.

मागे वळलो तेव्हा ओटा रिकामा होता.

अमिषा बाळाला खांद्यावर घेऊन दारात उभी होती. "बाबा, कोण आलं होतं?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "फिरणं संपलं."

८

तेव्हापासून फाटकाला साखळी आहे. दूध, भाजी, माझं येणं-जाणं, सगळं मागच्या दारानं. कारण मी डहाळी उचलल्यावर पाचोळा वाजला नाही. परत जाताना वाजायला हवा होता. मागे राहिलेल्याला खूण सापडली नाही, तर तो जिथे आहे तिथेच उभा राहतो, पाहुण्यांना आम्ही तसंच सांगतो. हेमालीचा कुत्रा आमच्या पाणंदीतून जायचा, आता खाडीकडून वळसा घालून जातो. मी खिडकीतून तिकडे बघत नाही. भागोजीला सांगितलं, पाहुणे तू तुझ्या घरून ने. त्यानं कारण विचारलं नाही.

अमिषा आठवडाभर राहिली. माझं सामान तिनं भरूनसुद्धा ठेवलं. मी येतो म्हटलं, आणि तेव्हा ते खरंच होतं. दिवसा खरंच असायचं. संध्याकाळी ओट्याच्या त्या टोकाला बघितलं, की खोटं व्हायचं. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं म्हणतात. मी तर एकच मागितलं होतं.

रात्र-रात्र मी एकाच गोष्टीचा हिशेब लावत पडायचो. नीरा आली तेव्हापासून तो शेवटचा फाटकाशी पोचेपर्यंत किती वेळ मिळाला? फार नाही. पण मिळाला. ती नेहमी पुढेच असते, शेवटचा बराच मागे असतो. माझ्याही बाबतीत तसंच असायचं. ती येऊन बसायची, टाचा चोळायची, आणि मी पाणंदीतून येतच असायचो. तेवढ्या वेळात चहा होतो. समोर जाऊन बसलं तर चेहरासुद्धा दिसेल.

बाळ घरात होतं म्हणून मी त्या दिवशी उठलो. त्याच्यासाठी उठलो, नाहीतर उठलो नसतो. हे मला माझ्याबद्दल आता पक्कं ठाऊक आहे, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

आज सकाळच्या गाडीनं अमिषा बाळाला घेऊन पनवेलला गेली. होळी झाली की येतो, असं मी तिला सांगितलं. ती गाडीच्या खिडकीतून हात हलवत होती. गाडी वळणाआड जाईपर्यंत मी उभा राहिलो, मग येताना बांधावरून ऐनाची एक डहाळी मोडून आणली. चांगली, पानं असलेली.

आता भर दुपार आहे. घरात माझ्याशिवाय कुणी नाही. फाटकाची साखळी काढली, डहाळी ठेवली, शेंडा घराकडे. चहाचं आधण चुलीवर आहे. मी ओट्यावर तिच्या जागेच्या समोर बसलोय, आणि पाणंदीत पाचोळा वाजायला लागलाय.